अण्णाची मुंबई

आमच्या मुडबीच्या घरात खोल्या दोन होत्या आणि भाषा चार. अव्वा, म्हणजे आमची आई, औरादकडची. म्हशीशी आणि पाळण्यातल्या लेकरांशी ती तेलुगूत बोलायची, रागावली की मात्र मराठीत. आमचं घराणं लिंगायत, मराठी आणि कानडी दोन्ही तोंडात घेऊनच जन्मलेलं. एका बाजूचे शेजारी कानडीत भांडायचे, दुसऱ्या बाजूचे मराठीत, आणि आम्हाला दोन्ही भांडणं सारखीच कळायची. अप्पा मला आठवत नाहीत, मी पाळण्यात असतानाच गेले. घरात कर्ता पुरुष म्हणजे माझा मोठा भाऊ काशिनाथ, मी त्याला अण्णा म्हणायची. तो कल्याणीच्या शाळेत उर्दूत शिकला. निजामाच्या राज्यात आमच्या भागाला दुसरी शाळा नव्हतीच. त्याला शिकवणारे मौलवीसाहेब शेळ्या राखत राखत कविता म्हणायचे, आणि अण्णा घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, मधे शेळी ओरडल्यासकट.

बसम्मावैनी आळंदकडून आली तेव्हा तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. अण्णा तिला जेवताना मराठी शिकवायचा. चुलीवर भाकरी फुगलेली असायची, परातीवर वैनीच्या हाताचा थप थप आवाज चाललेला, ताटात पुंडीची आंबट भाजी आणि कारळाची चटणी, आणि अण्णा विचारायचा, ‘म्हैस काय झाली?’ वैनी म्हणायची, ‘म्हैस आला.’ ‘आन् बैल?’ ‘बैल आली.’ अण्णाला ठसका लागायचा. अव्वा तांब्या पुढं करून म्हणायची, ‘कामून छळायलास रे तिला?’ वैनीलाही हसू यायचं, पण ती हार मानायची नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणून दाखवायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चुकायची. मला आता वाटतं, ती मुद्दाम चुकत असावी. तो हसला की तिला बरं वाटायचं.

रझाकारांची धामधूम चालली होती त्या वर्षी एका दुपारी गावात ट्रक आला आणि त्यातून बंदूकवाले उतरले. त्यांना धान्य पाहिजे होतं. आमच्याकडं धान्य घरात कमी आणि पेवात जास्त असायचं. जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं. वर ढोरं बांधली की परक्याला पत्ता लागत नाही. त्यांच्या म्होरक्याला उर्दूखेरीज काही येत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, काशिनाथाला येते. अण्णा ताटावरून उठला तो उष्ट्या हातानंच. दोघांनी त्याला दंडाला धरून नेलं. मी उंबऱ्यात उभी होते. आधी त्या माणसाचा आवाज यायचा, मग अण्णाचा. दार मराठी घराचं असेल तर मराठीत, कानडी घराचं असेल तर कानडीत. आयुष्यभराची त्याची सवयच ती, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भाषेत बोलायचं. पहिल्या घरी तो म्हणाला, ‘पेव दाखवा, न्हाई तर घर जाळतो म्हणायलेत हे.’ म्होरक्यानं विचारलं, तू जास्तीचं काय बोललास? आणि त्याच्या कानशिलात मारली. ‘मैं जित्ता बोला उत्ताच बोल.’ मग अण्णानं ‘म्हणायलेत’ गाळलं.

आमच्या बोळाच्या टोकाला रुद्रप्पाकाकांचं घर होतं. अण्णा लहानपणी त्यांच्या बैलगाडीत बसून शेताला जायचा. काकांचं घर कानडी. अण्णा त्यांच्या दारात उभा राहिला आणि मला स्पष्ट ऐकू आलं, ‘मनि सुडतीनि.’ घर जाळतो. काका त्याच्याकडं बघतच राहिले. त्यांनी पेव दाखवलं नाही. बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांना मारलं, पेव शोधून काढलं, धान्य ट्रकमधे भरलं आणि ते गेले. काका काही दिवस अंथरुणावर होते. येईल त्याला एवढंच सांगायचे, ‘काश्या मला घर जाळतो म्हणाला.’ मारणाऱ्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकच नाव.

काका गेले. मग सोलापूरकडून फौज आली, बंदूकवाले नाहीसे झाले आणि सगळं उलटं फिरलं. कल्याणीत मौलवीसाहेबांचं घर जळालं. त्या माणसानं शेळीखेरीज कुणावर काठी उचलली नव्हती. अण्णा बघायला गेला आणि संध्याकाळी परत आला, तेव्हा त्याच्या पायांना राख होती. त्याला विचारलं, मौलवीसाहेब कुठं आहेत, तर म्हणाला, ‘कुणालाच म्हाईत न्हाई.’ त्या दिवसांत त्याचं बोलणं तुटत गेलं. अव्वाशी आणि माझ्याशी तो मराठीत दोन शब्द बोलायचा, वैनीशी एकही नाही. ती कानडीत विचारायची, वाढू का, पाणी देऊ का. तो मान हलवायचा. तिला वाटलं आपल्यावर रागावलाय. रुद्रप्पाकाकांचे दोघं मुलगे संध्याकाळी आमच्या दारासमोर येऊन उभे राहायला लागले. काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. एका पहाटे वैनी जात्यावर बसलेली असताना अण्णा घोंगडी घेऊन बाहेर पडला आणि परत आला नाही.

पुढची वर्षं कशी काढली ते लिहायचं म्हटलं तरी हात जड होतो. विहिरीवर आम्ही गेलो की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. चुलत्यानं शेत कसलं, पण आमचा वाटा तो अंगणात टाकून निघून जायचा, आत येऊन पाणी प्यायचा नाही. मठात प्रसादाला बसलो की आमच्या पंगतीत कुणी बसायचं नाही. अव्वा एकदा विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कमरेतून गेली. त्यानंतर ती खाटेवरच. खाट दाराशी ओढून घ्यायला लावायची आणि रस्त्याकडं तोंड करून पडायची. कुत्रं भुंकलं तरी विचारायची, ‘कोण आलं गं?’ आम्ही सांगायचो, कुणी न्हाई. या दोन शब्दांचा मला इतका वीट आला होता की मी उत्तर देण्याआधी बाहेर जाऊन येण्याचं निमित्त करायची. वैनी दिवसभर राबायची. तिच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि ती सवाष्ण की विधवा हे गावात कुणालाच ठरवता येत नव्हतं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही म्हणून बायका अडायच्या आणि शेवटी बोलवायच्या नाहीत.

आमच्या घरी येणं न सोडलेला एकच बाहेरचा माणूस म्हणजे म्हातारा कासार. तो बांगड्यांचा माल आणायला मुंबईला जायचा. मी त्याला मामा म्हणायची. एकदा वैनीचा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता तो अव्वाला हळूच म्हणाला, ‘अक्का, एक गोष्ट बोलू का? मुंबईत समुद्राच्या काठाला एक मोठी दगडी कमान हाय. तिथं एक माणूस परगावच्या लोकांना शहर दाखवत फिरतो. चार चार भाषा बोलायलता. मी जवळ जाऊन इचारलं, तुम्ही कुठले? म्हणला, हैदराबादचा. पर ‘न्हाई’ म्हणला तो आपल्यासारखा म्हणला.’ वैनीच्या हातातली बांगडी फुटली. रक्त आलं, तिनं तिकडं बघितलंही नाही. अव्वानं रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि मामाला म्हणाली, ‘हे दुसऱ्या कुठल्या घरी बोलू नगं, भाऊ.’

त्याच सुमाराला वैनीचे वडील आळंदहून आले. वाईट माणूस नव्हते. अव्वाच्या पायाशी बसून ते रडले. म्हणाले, पोरगी अशी किती दिवस बसवून ठेवायची. पाडव्यानंतर तिला नेतो, कुठं तरी उडकी लावून देतो. उडकी म्हणजे आमच्यातलं दुसरं लग्न, साधंसं, वाजंत्रीशिवाय. अव्वा म्हणाली, न्या. तिचा दुसरा काय इलाज होता? पण वैनी चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘आधी मी त्यांना विचारणार.’ (वैनीचं सगळं बोलणं कानडीतलं. मी इथं ते मराठीत लिहिते.) ‘माझं काय चुकलं ते त्यांनी मला तोंडानं सांगावं. मग तुम्ही म्हणाल तिथं जाईन.’ वडील म्हणाले, वेडी झालीस का, मुंबई म्हणजे काय आळंदचा बाजार आहे? तिनं माझ्याकडं बोट केलं. ‘नागू येईल. तिला सगळ्या भाषा येतात.’ मी तेव्हा परकरातून लुगड्यात आले होते, एवढाच माझा अनुभव. पण वैनीनं बोट केल्यावर मी मान हलवली.

कासारमामा आणि त्यांची बायको मालाला निघाले, त्यांच्यासोबत आम्ही गेलो. अव्वाच्या माहेराहून एका म्हाताऱ्या मावशीला बोलावून तिच्याजवळ ठेवलं. गावाला सांगितलं, वैनीच्या माहेरी जायलोत. गुलबर्ग्यापर्यंत मोटार, तिथून रेल्वे. वैनीनं शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली होती. शिवाय एक वेगळं गाठोडं होतं, त्यात अण्णाला आवडणारे धपाटे. ते तिनं कुणाला उघडू दिलं नाही. सोलापूर गेलं, पुणं गेलं, मग घाटातला अंधार आणि झाडी, आणि खाली उतरल्यावर हवाच बदलली. ओली, खारट, अंगाला चिकटणारी. आमच्याकडचा उन्हाळा भाजतो, पण घाम वाळतो तरी. इथं घाम अंगावरच राहायचा. वैनी म्हणाली, ‘इथं माणसं कशी काय श्वास घेतात गं?’ बोरीबंदरला उतरलो तर माथ्यावर एवढं उंच दगडी छत की तिनं गुलबर्ग्याच्या दर्ग्याला करावा तसा त्याला नमस्कार केला.

भुलेश्वराच्या मागं मामांच्या ओळखीच्या एका बांगडीवाल्याच्या गाळ्यावर माळा होता, तिथं आम्ही उतरलो. मामा आम्हाला ट्रामनं त्या कमानीपर्यंत सोडायचे आणि आपल्या मालाच्या मागं जायचे. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो असा, पाठ करून. कारण आम्ही येणाऱ्या माणसांची तोंडं बघत उभ्या होतो. वैनी कमानीच्या एका पायाशी, मी दुसऱ्या. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दोन वेगळी माणसं लोकांना घेऊन आली, त्यांत अण्णा नव्हता. मी धीर करून दक्खनीत, म्हणजे आमच्याकडच्या बोली उर्दूत, एका होडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, असे पुष्कळ आहेत, लॉजवाले ठेवतात. त्या संध्याकाळी माळ्यावर वैनीनं भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, ‘नागू, मला त्यांचं तोंडच आठवेना झालंय. समोरून गेले तर?’ तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मी पहिल्यांदा घाबरले. कारण मलाही नीट आठवत नव्हतं.

तोंडानं नव्हे, आवाजानंच सापडला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाठीमागं कुणीतरी तेलुगूत सांगत होतं की ही कमान एका बादशहाच्या स्वागतासाठी बांधली आणि शेवटची गोरी पलटण याच कमानीतून जहाजात बसून गेली. मी वळले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, गाल बसलेले. भोवती वरंगळकडची दहा-पंधरा माणसं, बायका, पोरं. त्याची नजर माझ्यावरून सरकली, वैनीवर थांबली, आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. लोक वाट बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं म्हटलं, ‘चेप्पंडी, मास्टरगारू,’ म्हणजे सांगा की. आणि अण्णानं समुद्राकडं तोंड फिरवून पुढं सुरू केलं. पलीकडं बेटावर दगडात कोरलेली लेणी आहेत, होडीनं जाता येतं, पावसाळ्यात जाऊ नये.

वैनी पुढं धावली. मी तिचा हात धरला. का धरला ते मला आजही सांगता येत नाही. त्याच्या पाठीकडं बघून मला वाटलं, आता हाक मारली तर हा समुद्रात उडी घेईल. तो लोकांना घेऊन निघाला, आम्ही मागून निघालो. त्यानं आम्हाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ट्राममधे तो पुढं उभा राहिला, आम्ही मागच्या बाकावर. खडखडणाऱ्या गाडीत दांडा धरून तो सांगत होता आणि मी वैनीच्या कानात कानडीत सांगत होते, कारण तिनं म्हटलं, ‘ते काय म्हणतात ते सगळं मला सांग.’ म्हणून मी सांगितलं. हे शहर म्हणजे आधी सात बेटं होती, मधे सगळं पाणी. माणसांनी दगडमाती टाकून ते बुजवलं, तेव्हा तुम्ही उभे आहात तिथं कधीकाळी मासे असतील. हे पोष्ट, हे बोरीबंदर. हा फळबाजार, इथं आंबा कापून बघितल्याशिवाय घेऊ नका. ही मुंबादेवी, हिच्यावरून गावाचं नाव. त्या बाजूला धुरांडी दिसतात त्या गिरण्या. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरतो, तेव्हा लेकरांचा हात सोडू नका. समुद्रात एक दर्गा आहे, भरती आली की वाट पाण्याखाली जाते. घाई करू नये, ओहोटी होतेच. वैनी प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणत होती. भर उन्हात, गर्दीत, ती नवऱ्याचं बोलणं ऐकत होती, इतक्या वर्षांनी, माझ्या तोंडून.

दुपार कलल्यावर आम्ही सगळे एका टेकडीवरच्या बागेत चढलो. तिथून खाली वाकडा समुद्रकिनारा दिसतो. लोक गवतावर बसले. अण्णा कठड्याशी उभा राहिला आणि त्याच सुरात, मान न वळवता, तेलुगूतून एकदम आपल्या मराठीत आला. ‘ह्या बागेच्या खाली पाण्याचा मोठा हौद हाय. वर फुलं, खाली पाणी. अव्वा हाय का?’

मी म्हणाले, ‘हाय.’

‘चालती का?’

‘न्हाई. कमरेतून गेली.’

त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मग, ‘ह्या बाजूच्या झाडीत पारशी लोकांची जागा हाय, तिकडं बोट करू नये. काकाची पोरं?’

‘हायत. अजून वाट बघायलीत.’

लोकांना वाटलं, हेही सांगण्यातलंच. एका बाईनं तर मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, बागेचं सांगितलं.

चौपाटीवर लोक पाण्यात पाय बुडवायला गेले, पोरं वाळूत लोळायला लागली, तेव्हा तो आमच्याकडं आला. वैनीनं पदर पुढं ओढला, गाठोडं पुढं केलं. त्यानं ते घेतलं, छातीशी धरलं, उघडलं नाही. ती त्याच्याकडं बघून थेट बोलली. ‘घरी चला. गावासमोर उभे राहा. मारतील तर मला आधी मारतील. आणि यायचं नसेल तर मला एवढं सांगा, माझं काय चुकलं? तुम्ही माझ्याशी बोलायचं का टाकलं?’

तिचा शब्दन् शब्द त्याला कळत होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघेना. मग तो माझ्याकडं वळला आणि दक्खनीत म्हणाला, ‘नागू, उनकू बोल. उनकी कुछ गलती नै. मेरे मूं से कानडी नै निकलती अब. उस दिन काका के दरवाजे पे जो बोला, वो आखरी था. मैं कोशिश कर्‌या. घर में कर्‌या, यहां आके कर्‌या. धारवाडवाले आते, मैं उनकू दूसरे आदमी के पास भेज देतूं.’

मी वैनीला सांगितलं. ती म्हणाली, ‘तर नका बोलू. मुके राहा. मी बोलेन दोघांचं.’

त्यानं मान हलवली. ‘उनकू बोल, मैं मर गया. उडकी कर लेव बोल.’

मी पायानं वाळू उकरायला लागले. तो म्हणाला, ‘बोल ना गे.’ इतक्या काकुळतीनं म्हणाला की मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून ते कानडीत बाहेर पडलं, मी मेलोय असं समज, दुसरं घर कर, आणि वैनी माझ्याकडं बघायला लागली. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. रुद्रप्पाकाकांनी अण्णाकडं असंच बघितलं होतं. मी घाईनं ‘म्हणतो’ हा शब्द शेवटी जोडला. मला तो जोडायला कुणी अडवलं नव्हतं. जोडूनही तिची नजर हलली नाही. भाऊ घर सोडून का गेला ते मी गावात दहा तोंडांनी ऐकलं होतं, पण कळलं ते त्या वाळूत.

आमच्याकडं नवराबायकोचं तुटलं की पंचांसमोर काडी मोडतात. वैनी खाली वाकली. वाळूत कुठल्यातरी झावळीची काडी पडली होती, ती तिनं उचलली आणि त्याच्यापुढं धरली. अण्णानं काडी घेतली. दोन्ही हातांत धरली. पण त्याच्याच्यानं ती मोडेना. पाण्याकडून ‘मास्टरगारू, मास्टरगारू’ अशा हाका सुरू झाल्या. कुणाचं तरी पोर लाटेला घाबरून रडत होतं. वैनीनं त्याच्या हातातून काडी हळूच काढून घेतली, जशी लेकराच्या हातातून सुरी काढून घ्यावी, आणि स्वतःच मोडली. एक तुकडा त्याच्या मुठीत दिला. मग त्याच्या पाया पडली आणि चालायला लागली. मी अण्णाचा हात धरला. तो म्हणाला, ‘अव्वाला सांगू नगं. कळलं तर ती सरपटत येईल.’ मागं वळून बघितलं तेव्हा तो लोकांमधे उभा होता, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातानं समोरचा वळणाचा रस्ता दाखवत होता, जिथं संध्याकाळी दिवे लागतात.

रेल्वेत वैनी रडली नाही. घाट चढून कोरडी हवा लागली तेव्हा तिनं मोठा श्वास घेतला, आणि मग जी रडायला लागली ती दौंडपर्यंत. शेजारच्या बायांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, भाऊ.

हे लिहिताना माझी नात बाजूला बसलीय. तिनं मघाशी फोनवर मला आकाशातून मुंबई दाखवली. ती बाग दाखवली, तो वाकडा किनारा. मी म्हटलं, सात बेटं होती ही. तिला ठाऊक होतं. अण्णा पुन्हा कुणालाच दिसला नाही. कासारमामा पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्या कमानीपाशी दुसराच माणूस होता. आमचं हैदराबाद राज्य फुटलं, तुकडे तीन दिशांना गेले, आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. कुणी विचारलं असतं तर अण्णा कुठल्या बाजूला धरायचा हेही कळलं नसतं. वैनीची उडकी औरादजवळ एका विधुर शेतकऱ्याशी झाली. चांगला माणूस. तिला चार मुलं झाली, ती तेलुगू शिकली. मी तिच्याकडं राहायला जायची. अण्णाचं नाव आम्ही कधीच काढलं नाही. फक्त एकदा तिच्या धाकट्यानं ‘म्हैस आला’ म्हटलं, तेव्हा ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पण मला सांगायची आहे ती आम्ही मुडबीला परतलो तेव्हाची संध्याकाळ. अव्वाची खाट दारातच होती. तिनं आमच्या तोंडांकडं बघितलं, मग आमच्या मागच्या रस्त्याकडं. वैनी वाकून तिच्या पाया पडली आणि म्हणाली, ‘न्हाई दिसले, अत्ती. लई मोठं शहर हाय.’ अत्ती म्हणजे सासू, तेवढा शब्द कानडी; बाकीचं मराठी तिनं वाटेत पाठ केलं होतं. अव्वा ‘बरं’ म्हणाली. वैनीनं हातपाय धुतले, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. अव्वानं मला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, ‘शहर कसं हाय ते तर सांग.’

मी सांगायला लागले. समुद्र सांगितला, दगडी कमान सांगितली. सात बेटं होती, माणसांनी मधलं पाणी बुजवलं. आंबा कापून बघितल्याशिवाय घेऊ नये. भोंगा झाला की लेकरांचा हात सोडू नये. पाण्यातल्या दर्ग्याला जाताना घाई करू नये, ओहोटी होतेच. टेकडीवर बाग हाय, खाली पाण्याचा हौद, वर फुलं. मी थांबेना, आणि मला कळेना की मी कुणाच्या सुरात बोलतेय. अव्वा डोळे मिटून ऐकत होती. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, ‘येवढं सगळं तुला कुणी दाखवलं गं?’

मी वैनीकडं बघितलं. तिचे हात परातीवर थांबले होते.

अव्वानं डोळे उघडले नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘दमत असंल तो. रोज येवढं फिरायचं म्हणजे.’

वैनीनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. ‘न्हाई, अत्ती,’ ती म्हणाली. ‘चपला चांगल्या हुत्या पायात.’